चहा येण्याआधी आलेला नकार

नोकरी शोधणाऱ्या माणसाजवळ दोन गोष्टी साठत जातात: रेझ्युमेच्या फाइली आणि किस्से. फाइली डिलीट करता येतात. किस्से मात्र कुणी ना कुणी पुन्हा सांगायला लावतो, आणि मला तर प्रत्येक वेळी सांगताना पहिल्याइतकाच धक्का बसतो. म्हणून एकदाचे लिहून काढतो आहे. जे स्वतः पाहिले ते तसेच लिहीन. ऐकीव असेल तिथे ऐकीव म्हणून सांगेन.

आमचा अड्डा म्हणजे बेळगावात खानापूर रोडला असलेले भरमाण्णांचे डीटीपी-झेरॉक्सचे दुकान. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणे, लग्नाचे बायोडाटा आणि नोकरीचे रेझ्युमे हे सगळे भरमाण्णा एकाच कॉम्प्युटरवर करतात. रविवारी दुकानाचे शटर अर्धे खाली असते आणि आम्ही आत असतो. आम्ही म्हणजे विनायक, कल्पनाक्का आणि मी. विनायक डिप्लोमा मेकॅनिकल. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला आहे आणि पुण्याच्या कंपन्यांना अर्ज पाठवत असतो. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले असून एका कॉलेजात गेस्ट लेक्चरर आहे, त्यामुळे भरमाण्णा मला 'मास्तर' म्हणतात. कल्पनाक्कांची ओळख जरा सविस्तर करून द्यावी लागेल, कारण आमचे बहुतेक किस्से त्यांच्याच एका नोकरीभोवती जमलेले आहेत. पण क्रमाने सांगायचे, तर सुरुवात विनायकपासून झाली.

*

विनायकला पुण्याहून नकाराचा मेल आला. नकाराचे आम्हाला नवल नव्हते. मी सहज त्याच्या खांद्यावरून डोकावलो आणि जागच्या जागी थिजलो. मेलची सुरुवात होती, 'डिअर श्री गणेश प्रसन्न'!

आम्ही आधीचे मेल उघडले. सगळे त्याच नावाने आलेले. विनायकने नकार एवढाच शब्द शोधून मेल बंद केले होते. वरचे नाव एकदाही वाचले नव्हते.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. आजकाल अर्ज आधी माणूस वाचत नाही, सॉफ्टवेअर वाचते. ते रेझ्युमेतून नाव, शिक्षण, अनुभव वेगळे काढते, जाहिरातीतल्या शब्दांशी ताडून पाहते आणि जुळले तरच पुढे माणसाकडे पाठवते. साधारणपणे पहिल्या ओळीत जे असेल ते नाव, असे त्याचे गणित. आणि भरमाण्णांच्या दुकानाचा रिवाज असा, की इथून बाहेर पडणारा कोणताही कागद गणपतीच्या नावाशिवाय जाणार नाही. लग्नपत्रिकेवर मराठीत, रेझ्युमेवर इंग्रजी लिपीत, मोठ्या टायपात, मधोमध!

"आपल्या अनुभवाचा आम्हांला आदर आहे," मी मेलचा अर्थ सांगितला, "परंतु सदर पदासाठी आपण योग्य वाटत नाही."

भरमाण्णांचा चेहरा उतरला. बराच वेळ ते मनात काहीतरी हिशेब करत होते.

"मास्तर, किती वर्षं रेझ्युमे टाइप करालोय मी? किती पोरांचे केले असतील?"

"शेकडो असतील, अण्णा."

"म्हंजे ह्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त नकार कुणाला आलेत, कळालं काय तुम्हाला?" असे म्हणून त्यांनी दोन्ही कान धरले!

*

आता कल्पनाक्का. त्या निपाणीच्या, विनायकची सख्खी मावशी. त्यांची मुलगी श्रुती बेळगावात हॉस्टेलला राहून फार्मसीच्या पहिल्या वर्षाला शिकत होती. दर रविवारी सकाळच्या बसने आक्का मुलीसाठी डबा आणि आमच्यासाठी भडंग घेऊन येत आणि परतीच्या बसपर्यंत आमच्यात बसत.

आक्का बी.कॉम. आहेत. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत त्यांनी चौदा वर्षे मालाची आवक-जावक सांभाळली. वखार बंद पडली. यजमान टेम्पो चालवत. त्यांच्या पाठीच्या दुखण्याने तेही थांबले. थोरल्या दिरांनी घरात सर्वांसमक्ष सांगून टाकले होते: "जूनपातुर हिला नोकरी लागली तर पोरगी शिकंल. न्हाय तर घरी आणा तिला. स्थळ हाय एक माझ्या बघण्यात." म्हणजे आक्कांच्या नोकरीवर श्रुतीचे दुसरे वर्ष अवलंबून होते, इतके ते सरळ होते.

त्याच सुमारास निपाणीजवळ हायवेला एका ऑनलाइन पार्सल कंपनीचे गोडाऊन सुरू झाले आणि 'इन्व्हेंटरी इन-चार्ज' अशी जाहिरात आली. मी ती दोनदा वाचली. माल मोजणे, नोंदी ठेवणे, तफावत शोधणे, माणसांकडून काम करून घेणे, कन्नड-मराठी दोन्ही येणे. जाहिरात आक्कांना समोर बसवून लिहिल्यासारखी होती!

गणपतीची ओळ काढून आम्ही रेझ्युमे पाठवला. भरमाण्णांनी समोरच्या टपरीला हाक देऊन चार चहा सांगितले. चहा येण्याआधी मेल आला. विनायक आनंदाने ओरडला, मग वाचू लागला.

"मावशी, न्हाय म्हणालेत."

"एवढ्यात?"

"चार मिनिटं झाली फक्त."

चौदा वर्षांच्या अनुभवाला चार मिनिटे! मी मेलची वेळ पुन्हा तपासली. आक्का मात्र शांतपणे म्हणाल्या, "आमच्या वखारीत कामाला न्हाय घ्यायचं तरी आलेल्या बाईला आधी पाणी इचारत होतो."

*

जागा काही भरली जात नव्हती. पंधरा-वीस दिवसांनी तीच जाहिरात पुन्हा यायची. तेव्हा मी ठरवले, की रेझ्युमे शास्त्रशुद्ध पद्धतीने लिहायचा: एकही शब्द खोटा नाही, पण प्रत्येक शब्द जाहिरातीतला. मी वही घेऊन बसलो.

"आक्का, वखारीत नेमके काय काय करायचा?"

"पोती मोजायची."

मी लिहिले, इन्व्हेंटरी मॅनेजमेंट.

"पावसाळ्यात ओल धरलेली पोती येगळी काढायची. न्हायतर शेजारची धा नासत्यात."

क्वालिटी कंट्रोल.

"बायकांची भांडणं सोडवायची. निवडायला बसल्या की कुणाची जागा पंख्याखाली, ह्यावरनं रोज."

कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन.

"मालकाचा पोरगा आला की त्याला समजंल असं सगळं परत सांगायचं. त्याला काय कळत न्हवतं."

इथे मी थोडा थांबलो आणि लिहिले, स्टेकहोल्डर कम्युनिकेशन.

पूर्ण झाल्यावर मी तो इंग्रजी रेझ्युमे मोठ्याने वाचला आणि ओळीओळीचा अर्थ सांगितला. खरे सांगायचे तर मीच हादरलो होतो. हे सगळे या बाई इतकी वर्षे करत होत्या आणि त्याला त्यांनी 'पोती मोजणे' म्हटले होते!

आक्कांनी पदर सावरला. त्या विनायककडे वळून हळूच म्हणाल्या, "ही बाई भारी हाय रं. हिलाच घ्या म्हणावं. माझं ऱ्हाऊ दे."

*

या वेळी सॉफ्टवेअरने शब्द मान्य केले आणि एक प्रश्न पुढे केला: 'तुम्ही बारकोड स्कॅनर वापरला आहे का? होय की नाही?' आक्कांनी स्वतः माउस हातात घेतला आणि 'नाही' दाबले. नकार ताबडतोब.

विनायकने कपाळावर हात मारला. "मावशी! व्हय म्हणायचं होतं की! कोण बघाय येतंय?"

"वापरला न्हाय तर व्हय कसं म्हणू?"

"सगळे म्हणत्यात!"

"सगळ्यांच्या पोरी हाईत काय आईकडं बघून शिकणाऱ्या?" आक्का म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्या आल्या त्या बाहेरूनच सांगत आल्या. "मास्तर, आता लिवा, व्हय!"

झाले होते असे. निपाणीत त्यांच्या घराजवळ एक किराणा मार्ट आहे. तिथल्या काउंटरवरच्या मुलीला त्यांनी सांगितले, की तू जेवून ये, तोवर मी बघते. मुलगी जेवून आली, तरी या उठल्या नाहीत! दुपारभर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे साबण, बिस्किटे, तेलाच्या पिशव्या आक्कांनी स्कॅन केल्या.

"मालक काय म्हणाला?" मी विचारले.

"त्याला वाटलं, पोरीची आई हाय." आक्का खुर्चीत टेकल्या. "चार वाजता त्यानं मला चहा दिला आणि म्हणाला, तुमची पोरगी लई हळू करती ओ, तुम्हीच येत जावा."

*

मधेच माझा स्वतःचा एक किस्सा सांगतो. तो लहान आहे, पण मला अजून पचलेला नाही.

रेझ्युमे फुकट तपासून गुण देणारी एक वेबसाइट विनायकला सापडली होती. मी माझा रेझ्युमे तिच्यावर चढवला. संख्याशास्त्राचा विद्यार्थी असल्याने मी काळजीपूर्वक लिहितो. माझ्या प्रबंधात निष्कर्ष निघाला, असे मी म्हणत नाही. 'उपलब्ध माहितीच्या मर्यादेत बहुधा असे दिसते' असे म्हणतो. रेझ्युमेतही तसेच लिहिले होते.

शंभरपैकी एकतीस! शेरा होता: 'उमेदवारात आत्मविश्वासाचा अभाव.'

मी सगळीकडचा 'बहुधा' काढला. बाकी एका अक्षराला हात लावला नाही. शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर!

मी भरमाण्णांना म्हणालो, "अण्णा, हे भयंकर आहे. मला जेवढी खात्री होती तेवढीच मी लिहिली होती. खात्री वाढली नाही, गुण वाढले!"

भरमाण्णा पत्रिकेचे प्रूफ तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "मास्तर, तुम्ही लग्नाच्या बायोडाटातबी 'बहुधा' लिवलासा काय? म्हणूनच पोरी बघालाय तर बघालायच."

*

विनायक मात्र एक पाऊल पुढे गेला. त्याने कुठेतरी ऐकले, की जाहिरातीतला मजकूर रेझ्युमेच्या तळाला पांढऱ्या अक्षरांत चिकटवायचा. कागदही पांढरा, त्यामुळे माणसाला दिसत नाही. सॉफ्टवेअरला दिसतो, आणि सगळे शब्द जुळतात!

मी विरोध केला. त्याने ऐकले नाही. घाईत त्याने पूर्ण जाहिरातच उचलून चिकटवली, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत.

आणि चक्क फोन आला! पुण्याहून एक मॅडम बोलत होत्या. विनायकने फोन स्पीकरवर टाकला. भरमाण्णांनी झेरॉक्स मशीन बंद केले. मॅडमच्या पुढ्यात सॉफ्टवेअरने काढलेला साधा मजकूर होता आणि त्यात लपवलेले काहीच लपलेले नव्हते.

"मिस्टर विनायक, तुमच्या रेझ्युमेच्या शेवटी लिहिलंय, 'आमच्या झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीत आपले स्वागत आहे.'"

"मॅडम, ते जरा..."

"पुढे लिहिलंय, 'पगार अनुभवानुसार, कँटीन व बसची सोय.' हे तुम्हीच देणार आहात?"

"न्हाय मॅडम. म्हंजे, तसं न्हाय."

"बरं. माझा एक भाऊ आहे, बी.ई. झालाय," मॅडम अगदी गंभीरपणे म्हणाल्या. "तुमच्याकडे किती जागा आहेत?"

फोन बंद झाल्यावर भरमाण्णा हसून हसून शटरला टेकले. आक्का हसल्या नाहीत. विनायक त्यांना म्हणाला, की मावशी, मी सगळी जाहिरात टाकली म्हणून चुकलं, नुसते शब्द टाकले असते तर जमलं असतं. तुझ्या पुढच्या अर्जात टाकू या. जून जवळ आला होता. मला प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे, की त्या क्षणी मीही गप्प राहिलो.

आक्का म्हणाल्या, "पोत्याच्या तळाला ओला माल भरून वर चांगला माल पसरणारे किती जण म्या पकडलेत, ठावं हाय काय? म्या बांबू खुपसून बघत होते. आता म्याच तळाला भरू व्हय?"

*

तिसऱ्या खेपेस आक्कांचा अर्ज पुढे सरकला! बांबू खुपसून पाहिला असता तरी चालले असते असा, खरा आणि कोरडा अर्ज. कंपनीची लिंक आली: व्हिडिओ मुलाखत. मी समजावून सांगितले, की समोर कुणी माणूस नसेल. पडद्यावर प्रश्न येईल, कॅमेरा चालू होईल, दोन मिनिटांत उत्तर द्यायचे. पुढचे सगळे सॉफ्टवेअरच पाहील. उत्तर हिंदीत दिले तरी चालणार होते आणि आक्कांचे हिंदी चांगले आहे.

मुलाखतीच्या दिवशी त्या इरकल नेसून आल्या. भरमाण्णांनी कॉम्प्युटरमागच्या पत्रिकांच्या चळती हलवून भिंत मोकळी केली. उमेदवाराशेजारी कुणी दिसता कामा नये, अशी सूचना होती, म्हणून आम्ही तिघे शटरबाहेर उभे राहिलो. आतून आक्कांचा आवाज येत होता. खणखणीत, न अडखळता. माल कमी भरला तर कुठून शोधायला सुरुवात करायची, हे त्या इतके व्यवस्थित सांगत होत्या, की रस्त्याने जाणारे एक गृहस्थ थांबून ऐकू लागले.

पाचही प्रश्न झाले. आम्ही धावत आत गेलो. पडद्यावर तांबडी सूचना होती: 'चेहरा आढळला नाही.'

मी रेकॉर्डिंग उघडले. पाचही उत्तरांत इरकलीच्या निऱ्या दिसत होत्या. निऱ्या आणि पुढ्यात धरलेले दोन हात. आक्का सगळा वेळ उभ्या होत्या!

"आक्का, बसला का नाही?" माझा आवाज नकळत चढला होता. "खुर्ची तर मागेच होती!"

आक्का खुर्चीकडे पाहत होत्या. त्यांना खरोखरच कळत नव्हते, की आपले काय चुकले.

"साहेबांसमोर आपलं आपण कसं बसायचं?" त्या म्हणाल्या. "मी वाट बघालते. बसा म्हणून कोण म्हणणार होतं?"

त्या दिवशी भडंग कुणी खाल्ले नाही.

*

अर्जावर 'विचाराधीन' असा शिक्का दिसू लागला आणि तो हलेना. मे संपत आला. पुढचे मी पाहिलेले नाही. आक्कांनी सांगितले तसे लिहितो.

एका सोमवारी त्या हायवेला उतरल्या आणि सरळ गोडाऊनच्या गेटवर गेल्या. वॉचमन म्हणाला, "आत कुणी भेटत न्हाय आक्का. सगळं ऑनलाइन." त्या परत वळणार, तोच मागच्या गेटजवळ त्यांना माणसांची रांग दिसली. कडुनिंबाखाली एक कंत्राटदार प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून नावे लिहून घेत होता. आक्का रांगेत उभ्या राहिल्या.

त्याने दोन प्रश्न विचारले.

"आधार हाय?"

"हाय."

"मोजाय येतंय?"

"येतंय."

"उद्या आठला या."

इतकेच! रेझ्युमे नाही, शब्द जुळवणे नाही, चेहरा आढळणे नाही. आठवडाभर त्यांनी पार्सले मोजली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दाखवून दिले, की एका रॅकमधला माल दोन नोंदींत, म्हणजे दोनदा, धरला जातो आहे. गोडाऊनचे मॅनेजर बेंगळुरूचे. त्यांना मराठी येत नाही. आक्का त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलल्या. तिसऱ्या आठवड्यात मॅनेजरनी त्यांना 'तात्पुरती व्यवस्था' म्हणून इन-चार्जच्या रिकाम्या खुर्चीत बसवले. टेबल, फोन, कॉम्प्युटर, दारावर नाव.

आम्ही हे ऐकून अक्षरशः बधिर झालो. ज्या खुर्चीसाठी यंत्राने तीनदा अडवले, त्याच खुर्चीत आक्का मागच्या दाराने जाऊन बसल्या होत्या! श्रुतीच्या दुसऱ्या वर्षाचा प्रवेशही झाला. दिरांच्या स्थळाचा विषय मागे पडला.

पण आक्कांच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. कंत्राट होते ते जागा भरेपर्यंतचेच. सॉफ्टवेअरने कुणाला निवडले, की त्याच संध्याकाळी खुर्ची सोडायची, आणि मग श्रुतीचे वर्ष पुन्हा अधांतरी.

"मॅनेजरना सांगा की, तुम्हालाच कायम करा म्हणून," विनायक म्हणाला.

"सांगितलं. ते म्हणाले, सिस्टमनल्लि हेसरु बरबेकु."

म्हणजे, नाव सिस्टममधूनच यायला हवे.

*

आता शेवटचे. याला मी, भरमाण्णा आणि विनायक तिघेही साक्षीदार आहोत, आणि तरीही सांगताना मी चाचरतो.

जुलैतला रविवार. आक्का श्रुतीला डबा देऊन आल्या होत्या. त्यांचा फोन वाजला. मेल होता, कंपनीचा. विचाराधीन असलेल्या अर्जाचा निकाल. आक्कांनी चष्मा आणला नव्हता. "वाचा मास्तर," म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. विनायक माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी वाचू लागलो.

"प्रिय कल्पना चौगुले. निपाणी गोडाऊन येथील इन्व्हेंटरी इन-चार्ज या पदासाठी आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार. आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार केला. तथापि आपला अनुभव या पदाच्या गरजांशी जुळत नसल्याने..."

आक्कांनी डोळे मिटले. विनायकच्या तोंडून एक शिवी निघाली. भरमाण्णांनी त्याला दटावले नाही.

"पुढं काय हाय?" आक्कांनी डोळे न उघडता विचारले. "कुणाला घेतलंय?"

"ते लिहिलेले नाही. एवढेच आहे, की 'या निर्णयाबाबत शंका असल्यास कामाच्या वेळेत निपाणी गोडाऊनशी संपर्क साधावा.' खाली फोन नंबर आहे आणि..."

मी थांबलो. पुन्हा वाचले. संख्याशास्त्राने मला सवय लावली आहे, की आकडा विचित्र दिसला तर आधी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यावा. मी फोन विनायककडे दिला.

विनायकने वाचले: "संपर्क, श्रीमती कल्पना चौगुले, इन-चार्ज."

"आँ?" भरमाण्णा म्हणाले.

"मावशी, तुला शंका असली तर तुलाच फोन करायचा हाय!"

आक्कांनी डोळे उघडले. "आज रविवार," त्या सावकाश म्हणाल्या. "ऑफिसात कुणी नसंल. उद्या करते."

सोमवारी त्या कामावर गेल्या. दुपारी मॅनेजरनी त्यांना मुख्य कार्यालयाचा निरोप वाचून दाखवला: आलेल्या अर्जांपैकी एकही उमेदवार पात्र ठरलेला नाही, भरती बंद करण्यात येत आहे, सध्याची व्यवस्था उत्तम चालली असल्याने सध्याच्या इन-चार्जना कायम करावे, त्यांना वेगळा अर्ज करण्याची आवश्यकता नाही.

संध्याकाळी आक्कांनी ही बातमी मला फोनवरून दिली. पाठीमागे श्रुती हसत होती. ती त्या दिवशी मुद्दाम निपाणीला गेली होती. मी मनापासून अभिनंदन केले आणि मग राहवले नाही म्हणून विचारले, "आक्का, त्या मेलमधल्या नंबरवर फोन केला होता का?"

"केला की. सकाळी आल्या आल्या, टेबलावरच्या फोनवरनं," आक्का म्हणाल्या. "तीनदा लावला मास्तर. एंगेजच लागालाय."